डाव्या हाताच्या कड्या

शालन मगदूमच्या उजव्या घोट्याला चांदीची साखळी जोडलेली आहे, हे आधी फोटोत दिसलं आणि मग घरात दिसलं. गावच्या कॅलेंडरसाठी इचलकरंजीचा निजाम फोटोग्राफर पैंजण करणाऱ्या बायकांचा फोटो काढून गेला होता. फोटोत सात बायका मांडी घालून बसल्या होत्या. सातवी शालन. तिच्या पायातून साखळी निघाली होती आणि फोटोच्या कडेबाहेर गेली होती. तिनं पायाकडे पाहिलं, तर साखळी तिथंही होती. उंबरा उतरून ती गल्लीत गेली होती आणि पुढं एस.टी. स्टँडकडं वळली होती.

नवरा महादेव चहा पीत होता.

"काल न्हवती ही," शालन म्हणाली.

"मग फोटूच काढून घ्यायचा न्हवता," महादेव म्हणाला.

महादेव हा असाच. घराला आग लागली तरी आधी काडेपेटी कुणी आणली ते विचारणार. शालननं त्याचा नाद सोडला, कामाचा चिमटा हातात घेतला आणि साखळी डोळ्यांजवळ धरली.

या गावात चांदीच्या तारेच्या कड्या पाडतात आणि त्या एकीत एक अडकवून मिटवायचं काम बायका घरोघरी करतात. सगळ्या बायका कडी उजवीकडून मिटवतात. शालन डावखुरी, म्हणून तिची कडी डावीकडून मिटते. या डाव्या हातामुळं सासूनं तिला जन्मभर बोल लावले होते. आता हातातल्या साखळीची प्रत्येक कडी डावीकडून मिटलेली होती. शालन चिमटा घेऊन कडी कडी बघत स्टँडपर्यंत गेली. एकही कडी परकी निघाली नाही. अठ्ठावीस वर्षांत तिनं जोडलेली सगळी पैंजणं, जी कुठल्या कुठल्या दुकानांतून कुणाकुणाच्या पायांत गेली होती, ती टोकाला टोक लागून तिच्या पायाशी आली होती. स्टँडच्या पुढं साखळी डांबरी रस्त्यानं सरळ गेली होती. तिचं टोक काही दिसत नव्हतं, म्हणून शालन भाकरी करायला घरी आली.

दुपारी पहिला हिसका बसला. कुठंतरी कुणीतरी पाऊल टाकलं होतं. शालन चुलीपासून वीतभर सरकली, तवाही तिच्याबरोबर सरकला. संध्याकाळपर्यंत तिला हिसके ओळखता यायला लागले. नांदेडची एक बाई कळशी घेऊन जिना चढत होती, कारण ओढ जड होती आणि ठरावीक अंतरानं येत होती. वेंगुर्ल्याची एक बाई वाळूतून चालत होती. सोलापुरात एक पोरगी पहिल्यांदाच उभी राहत होती. ती दोनदा बुडावर बसली आणि तिसऱ्यांदा उभी राहिली, तेव्हा शालन एकटीच मोठ्यानं हसली. जी बाई जयसिंगपूरच्या पुढं कधी गेली नव्हती, तिच्या घोट्यात आता अर्धा महाराष्ट्र चालत होता. इतका आनंद तिला लग्नातही झाला नव्हता.

पण हिसके थांबत नव्हते. मंगळवारी ती चुलीपासून माजघरात आली, बुधवारी सोप्यात. गुरुवारी ती उंबऱ्याला अडली आणि तिनं दोन्ही हातांनी चौकट धरली. महादेवनं स्टोव्ह तिच्याजवळ आणून ठेवला.

"हात सुटला तर कुठं जाशील?" त्यानं विचारलं.

"रस्ता जाईल तिकडं."

"मग सैपाकाचं काय?"

शुक्रवारी सकाळी रावसाहेब अण्णा आले. समोरच्या माडीत राहणारे अण्णा म्हणजे गावातले मोठे व्यापारी. शालन आजवर त्यांच्याच तारेवर काम करत आली होती. त्यांच्या हातात लहान हातोडा होता आणि त्यांच्या पेढीचा शिक्का होता.

"माल आमचा हाय," अण्णा म्हणाले. "शिक्का बसला की कडी गप बसती. तुला कोण ओढणार न्हाई."

त्यांनी स्टँडपासून सुरुवात केली. एकेक कडी दगडावर घ्यायची, शिक्का ठेवायचा, टिक करून हातोडा मारायचा. ते उकिडवे बसून घराच्या दिशेनं सरकत होते. अण्णांना तारुण्यातही इतक्या चिकाटीनं काम करताना कुणी पाहिलं नव्हतं. शिक्का बसलेली कडी खरोखरच गप होत होती. आधी नांदेडचा जिना बंद झाला, मग वेंगुर्ल्याची वाळू. दुपारी सोलापूरची पोरगी बुडावर बसली आणि पुन्हा उठली की नाही ते शालनला कळेना. तिनं चौकटीवरचे हात काढून पाहिले. तिला कुणी ओढत नव्हतं. महादेवचा जीव भांड्यात पडला.

शालनला मात्र रडू कोसळलं. माहेरची माणसं एकेक करून गेली तेव्हा रडली होती, तशीच ती आता रडत होती. अण्णा उंबऱ्याशी पोचले होते. घोट्याजवळच्या चार कड्या फक्त उरल्या होत्या, आणि त्या चारींतली एक शालनच्या घोट्यातूनच गेली होती.

"अण्णा, थांबा."

"तुझ्याच भल्याचं करतोय. घरात राहायचंय न्हवं तुला?"

"राहायचंय."

"मग झालं तर."

"त्या बायका माझ्या हाईत."

"हाय का तुझं नाव कुठं? दाखीव."

नाव कुठंच नव्हतं. शालननं डोळे पुसले. आठवडाभर तिला सगळे ओढत होते. आपणही ओढू शकतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं चौकट सोडली, पदर खोचला आणि उजवा पाय घरात मागं घेतला.

साखळी गल्लीभर ताठ झाली. भिंतीवरचा चुना सुटावा तसे शिक्के पोपड्यांनी गळून पडले. सोलापूरची पोरगी उभी राहिली. शालननं अजून एक पाऊल मागं टाकलं.

समोरच्या माडीतून अण्णांच्या बायको सुशीलाबाई बाहेर आल्या. त्यांचे हात पिठाचे होते.

"पाय थांबंना वो," त्या म्हणाल्या.

"ही पैंजणं कुठली?" अण्णांनी विचारलं.

"तुमीच दिलीसा की दिवाळीला."

मग स्टँडकडून बायका यायला लागल्या. नांदेडच्या बाईच्या कमरेवर कळशी होती, वेंगुर्ल्याच्या बाईच्या पायांना वाळू होती. सोलापूरची पोरगी आईच्या पुढं चालत होती. नवऱ्या मुली होत्या, डॉक्टरीणबाई होत्या, दोन आज्या काठी टेकत आल्या होत्या. गल्ली भरली, स्टँड भरला. निजाम कॅमेरा घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला आणि तिथून ओरडला, "वैनी, फोटूत मावंनात ओ."

प्रत्येक बाई शालनकडे बघत होती. नाव कुणी विचारलं नाही, तरी सगळ्यांना ते माहीत होतं. शालन उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. आपण उंचीनं कमी आहोत याचं आज तिला काही वाटत नव्हतं. तिनं उजवा पाय उचलला.

गल्लीत, स्टँडवर, रस्ता दिसत होता तिथवर सगळ्या बायकांनी उजवा पाय उचलला. अण्णांच्या बायकोनंही उचलला. अण्णांचा हातोडा वर गेला होता तो तिथंच राहिला.

"शालनताई," अण्णा म्हणाले, "पाय खाली ठेवू नका. एवढे पाय एकदम पडले तर माडी न्हाई टिकायची."

शालननं गल्लीतून पलीकडं, पार डांबरी रस्त्याच्या टोकापर्यंत पाहिलं. सगळ्यांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर होते, आणि सगळ्या तिची वाट बघत होत्या.