खालीचा हात

रंगनाथ केसकरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. एरवी माणूस असा, की विमा कंपनीच्या छापील शुभेच्छांनाही पोचपावती धाडायचा. पण ऋचा गद्रेचं पत्र अडीच वर्षांपूर्वी आलं, त्यांनी ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि शेवटी शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं. तेव्हापासून त्या खंडातला कुठलाही शब्द अडला, तरी रंगनाथराव तो अडूच द्यायचे.

पत्र तसं साधं होतं. ‘तबलेकाका, तुमचा फोन लागत नाही म्हणून लिहिते आहे. मी आता खेळ बनवते, मोबाइलवरचे. एक खेळ तालावर बांधते आहे. सुहासिनीताईंच्या वर्गात आम्ही पायांनी तत्कार करायचो, तेव्हा तालाच्या दर खालीला तुमचा डावा हात वर जायचा. सावकाश वर जायचा, क्षणभर थांबायचा आणि तसाच सावकाश खाली यायचा. मी आठ वर्षांची होते, माझं पाऊल नेमकं तिथेच चुकायचं. पण तुमचा हात दिसला की वाटायचं, घाबरायचं कारण नाही, अजून अर्धं आवर्तन हातात आहे. तो हात मला खेळात घ्यायचा आहे. घेऊ ना? आणि काका, एवढं सांगा, त्या हातानं तुम्ही आम्हाला काय दाखवत होता?’

पहिल्या प्रश्नाला उत्तर सोपं होतं. दुसऱ्यापाशी रंगनाथराव अडले. कारण त्या हातानं ते काही दाखवत नव्हते. ते पुस्तकाचं पान उलटत होते.

त्याचं असं झालं. दिवसा ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात भांडार विभागात कारकून होते आणि संध्याकाळी सायकल मारत नारायण पेठेत यायचे. तिथल्या एका शाळेच्या सभागृहात सुहासिनीताई मुलींना कथक शिकवायच्या आणि रंगनाथराव तबल्यावर ठेका धरायचे. बावीस वर्षं त्यांनी तोच ठेका धरला. आपण काही मोठे वादक नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. लहान मुलींचे पाय तासभर तेच तेच बोल आपटत राहायचे, आणि केसकरांच्या डग्ग्याआड, मुलींना दिसणार नाही असं, वाचनालयातलं एखादं पुस्तक उघडं असायचं. तीनतालाच्या सोळा मात्रा. त्यातल्या खालीच्या भागात डग्गा वाजत नाही. उजवा हात चालू राहतो आणि डाव्याला चार मात्रांची सुट्टी मिळते. त्या सुट्टीत ते पान उलटायचे. कागदाचा आवाज ताईंच्या कानावर जाऊ नये म्हणून हात सावकाश वर न्यायचे आणि सावकाशच खाली आणायचे. मुलींना पुस्तक दिसायचं नाही, दिसायचा फक्त हात.

आता हे त्या मुलीला कसं लिहायचं? ‘खेळात घे’ म्हणावं, तर त्यात फसवणूक होती. खरं सांगावं, तर तिच्या लहानपणातली एक आधाराची जागा आपल्याच हातानं मोडणार होती. रंगनाथरावांनी सहा कच्चे मसुदे केले, सहाही फाडले. मग पत्र कोशात गेलं.

यंदाच्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी दुपारी, खेळ आला. ना जाहिरात, ना झलक, ना तारीख. काल नव्हता आणि आज होता, एवढंच. नाव ‘सोळा पावलं’. ऋचानं नंतर खेळाच्या पानावर लिहिलं, की कर्वेनगरच्या दोन खोल्यांत चौघांनी मिळून तीन वर्षं हे केलं. आधी बोभाटा केला असता तर बाहेर काढायचा धीरच झाला नसता, म्हणून कुणाला न सांगता, दार लोटावं तसा हळूच लोटून दिला.

रंगनाथरावांना ही बातमी सुनेकडून कळली. शेफाली कंपनीच्या गाडीतून येता-जाता धायरीच्या वाहतुकीत तास तास अडकून पडायची आणि तेवढ्या वेळात मोबाइलवर खेळायची. शनिवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती सासऱ्यांच्या शेजारी येऊन बसली.

“बाबा, तुम्ही तबला वाजवायचात ना? मग हे बघा. गुरुवारपासून आख्खं ऑफिस वेडं झालंय.”

पडद्यावर एक शहर होतं. संध्याकाळ नुकती कलत होती, पण पुढे सरकत नव्हती. कौलारू छपरं, पाण्याच्या टाक्या, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि या सगळ्यावर दुधात केशर खललं की दिसतो तसा उजेड. पायात घुंगरू बांधलेली एक मुलगी छपरांवरून धावत होती. धुरासारख्या सावल्या तिला आडव्या यायच्या. नेमक्या मात्रेवर बोट टेकवलं की मुलगी पाय आपटायची आणि सावली विरून जायची. एक, दोन, तीन. शेफालीचं बोट भराभर चाललं होतं.

मग एकाएकी आवाजाचा तळच निघून गेला. घुमारा थांबला, वर नुसती किणकिण राहिली. पुढे छप्पर संपलं होतं, दुसरं लांब होतं. शेफालीनं बोट उचललं. शहराच्या मागून, क्षितिजाच्या खालून, एक हात वर आला. सडपातळ, लांब बोटांचा, टेकडीएवढा. सावल्या होत्या तिथे उभ्या राहिल्या. मुलगी त्या हातावर नव्हती, त्याला धरूनही नव्हती, पण तो वर होता तोवर ती अधांतरी तरंगत राहिली आणि पलीकडच्या छपरावर अलगद उतरली. हात खाली गेला. डग्गा घुमला.

त्या हाताची करंगळी किंचित बाहेर वळलेली होती. रंगनाथरावांनी स्वतःची डावी करंगळी मुठीत दडवली. शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू लागून ती वाकली होती आणि तशीच राहिली होती.

“इथेच सगळे मरतात,” शेफाली म्हणाली. “खालीला बोट लावलं की खेळ खलास. आणि कोणाचं बोट वर राहतंय?”

लोकांनी खेळाला काय म्हटलं, ते तिनंच वाचून दाखवलं. पहिल्या दिवशी बहुतेकांना आपला फोनच बिघडला असं वाटलं होतं. मध्येच स्पर्श घेत नाही, पैसे परत करा, अशा तक्रारींचा ढीग पडला. कुणीतरी शोधून काढलं, की तिथे काहीही न करणं हेच करायचं असतं, आणि मग निराळीच भांडणं जुंपली. एकानं लिहिलं होतं, ‘खेळ उत्तम आहे. ऐन रंगात आलं की हात वर करून थांबवतात. हे पाहायला आम्हाला मोबाइल कशाला हवा, आमच्या चौकात हवालदार आहे.’ खाली दुसऱ्यानं उत्तर दिलं होतं, ‘आपण हवालदाराला तरी थांबता का?’ एका परिचारिकेनं लिहिलं होतं, की दिवसभरात त्या चार मात्रांतच तिला स्वतःचा श्वास ऐकू येतो. नांदेडच्या एका मुलानं तर सगळा खेळ उलटा खेळायचं ठरवलं होतं, सावल्यांशी लढायचंच नाही, फक्त दर खालीला हात पाहायचा.

आणि हात कुणाचा, यावरून तर पानंच्या पानं भरली होती. कुणी म्हणालं आईचा, कुणी म्हणालं शहराचा. एकाचं म्हणणं, तो निरोपाचा हात आहे. काहीजण चिडून म्हणत होते, की हातबित काही नको, तो बंद करायचं बटण द्या.

“मग बनवणाऱ्या बाईनं काल उत्तर दिलंय,” शेफाली म्हणाली आणि वाचू लागली. “‘हा हात माझ्या लहानपणच्या तबलेकाकांचा आहे. मी त्यांना पत्रानं विचारलं होतं, परवानगीही मागितली होती. उत्तर आलं नाही. माझ्या मनात त्याचा एक अर्थ होता, पण तुमचं वाचून तो माझा मलाच खरा वाटेनासा झाला आहे. म्हणून हात काढून टाकायचा विचार आहे. पंधरा दिवस थांबते. तेवढ्यात काकांनी काही कळवलं, तर त्यांच्या शब्दावर ठरवीन.’”

शेफालीनं मान वर केली. सासऱ्यांचा चहा गार झाला होता आणि डावी करंगळी अजून मुठीत होती.

“बाबा?”

मग त्यांनी सांगितलं. पुस्तक, डग्गा, चार मात्रा, सगळं. आधी शेफाली हसली. इतकी हसली, की आतून तिच्या नवऱ्यानं, सलिलनं, काय झालं म्हणून विचारलं. हसू ओसरल्यावर तिनं डोळे पुसले.

“तिला कळवा ना मग.”

“तिला वाईट वाटेल.”

“अडीच वर्षं उत्तर नाही आलं, तेव्हा काय वाटलं असेल?”

शेफाली आत्ताच्या आत्ता खेळाच्या पानावर त्यांच्या नावानं लिहून द्यायला निघाली. पत्राला पत्रानंच उत्तर जायला हवं, असं रंगनाथराव पुटपुटले. हा बहाणा आहे, हे तिलाही कळलं आणि त्यांनाही.

सोमवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. शेफालीनं जुन्या फोनवर खेळ घालून ठेवला होता. रंगनाथराव सज्जातल्या खुर्चीत बसले. समोर डोंगराच्या उतारावर ऊन पसरलं होतं आणि खाली कुणीतरी गादी झोडपत होतं. ते पहिल्याच छपरावरून अकरा वेळा पडले. बावीस वर्षं तीनताल वाजवलेला माणूस तीनतालावरूनच पडत होता. ते मनात मोजायचे, नेमकं बोट टेकवायचे, आणि खालीला बोट उचलायचा धीर व्हायचा नाही. उचललं आणि पुढचं पाऊल हुकलं तर, असं वाटायचं.

बाराव्या वेळी मोजणं कधी थांबलं, ते त्यांना कळलं नाही. गादी झोडपल्याचा आवाज ठेक्यात मिसळला. कौलांवरचा तो न सरणारा उजेड सज्जात उतरला आणि छपरामागून छप्पर लागत गेलं. एका छपरावर नारायण पेठेतलं ते सभागृह होतं, उंच खिडक्यांचं, सतरंजीचा वास असलेलं. सोळा मुली दोन ओळींत उभ्या होत्या, बत्तीस पावलांनी जमीन हलत होती. डग्गा थांबला. हात वर आला. तो क्षितिजामागचा होता की खुर्चीच्या दांडीवरचा, हे सांगता आलं नसतं. पण तो वर गेला तेव्हा त्याखाली पुस्तक नव्हतं, आणि तरी पान उलटल्यासारखं झालं.

त्या उघड्या जागेत त्यांना मुलींचे चेहरे दिसले.

आणि मग एक गोष्ट आठवली, जी सहापैकी एकाही मसुद्यात आली नव्हती. पान पुष्कळदा आधीच संपायचं. शेवटचं वाक्य अर्धं तुटलेलं, आणि तालातली पुढची खाली यायला अजून सात-आठ मात्रा. तेव्हा वाचायला काही उरायचं नाही. हात वर गेला, की नजर पुस्तकातून निघून आपसूक समोर जायची. रंगनाथराव माणसांकडे बघणारे नव्हते. कचेरीत ते फायलीकडे बघत बोलायचे, लग्नकार्यात जेवणाच्या पानाकडे. पण ऋचा गद्रे मोजताना ओठ हलवते, तिसऱ्या मुलीला चष्मा हवा आहे पण ती घरी सांगत नाही, मागची ठेंगणी कायम दाराकडे बघते, हे सगळं त्यांना माहीत होतं. बावीस वर्षांत जेवढी माणसं त्यांनी पाहिली, तेवढी दोन पानांच्या मधल्या त्या चार मात्रांतच पाहिली होती.

फोनमधली मुलगी केव्हाच पडली होती. पुन्हा सुरू करायचं का, असं पडदा विचारत होता.

त्यांनी कोशाचा दुसरा खंड काढला, ऋचाचं पत्र पुढ्यात ठेवलं आणि कागद घेतला. या खेपेस मसुदा केला नाही.

‘चि. ऋचा हिस अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तर दिलं नाही ते भीतीनं, दुसरं कारण नाही. मी त्या हातानं काही दाखवत नव्हतो. डग्ग्याआड पुस्तक असायचं आणि खालीला मी पान उलटायचो. ताईंना हे ठाऊक नव्हतं, असं मी अजून धरून चालतो. तुला राग आला तर तो रास्त आहे. पण हेही खरं, की पान उलटताना माझी नजर वर यायची आणि तेवढ्यापुरता मी तुम्हाला पाहायचो. तू मोजताना ओठ हलवायचीस आणि नवव्या मात्रेला माझ्याकडे बघायचीस. मला वाटायचं, माझी चोरी पकडली. तू घाबरलेली असायचीस, हे तुझं पत्र आल्यावर कळलं. म्हणजे आपण दोघंही घाबरलेले होतो आणि एकमेकांकडे बघून निभावत होतो. हाताची परवानगी मागितली होतीस, ती आहे. आता त्याचं काय करायचं ते तू ठरव. मला खेळातलं कळत नाही, मी सहाव्या छपराच्या पुढे गेलेलो नाही. तुझा, रंगनाथ केसकर.’

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं, म्हणून त्यांनी न वाचताच पाकीट डकवलं आणि चपला घातल्या.

टपाल कचेरी फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि पत्ता वाचला.

“कर्वेनगर? काका, इथून चालत निघालात तर संध्याकाळी हातात द्याल.”

“तेवढं धाडस असतं तर पत्र कशाला लिहिलं असतं?” रंगनाथराव म्हणाले, आणि आपण उत्तर दिलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

बाई हसल्या नाहीत. पण त्यांनी वर पाहिलं. साधं की स्पीड पोस्ट, असं विचारलं. लवकर जाईल ते, असं रंगनाथराव म्हणाले. बाईंनी पावती फाडून दिली, पाकिटावर शिक्का मारला आणि पत्र मागच्या पोत्यात टाकलं.