दात काढण्याआधी सांगा

ज्या घरात कॅन्सर येतो, त्या घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, ही मोरावा नदीकाठच्या सर्बियन गावांची जुनी खोड. म्हणायचं ‘ते’, आणि आवाज खाली आणायचा. झिवोताच्या जिभेवर किरणोपचार चालू होते तेव्हा त्याच्या बायकोने, स्तोयांकाने, गावाला सांगितलं होतं, “घसा सुजलाय.” गावानेही विश्वास ठेवला, निदान तोंडावर तरी.

कॅन्सर गेला, पण किरणांनी झिवोताच्या तोंडातली लाळही गेली. दात हिरड्यांपाशी काळे पडून झिजले. दाढ ठणकली की तो राकियाची, घरच्या आलुबुखारांच्या दारूची, चूळ धरून बसायचा. आधीच कोरडं तोंड, त्यात दारू! शेवटी दाढ काढायला दोघं दंतवैद्य विदोसावाकडे आली. ‘दात काढण्याआधी आम्हाला विचारा,’ असं कॅन्सरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, ते स्तोयांकाला वाटेत सारखं आठवत होतं.

“झिवोताकाका, पूर्वी काही मोठा आजार?” विदोसावाने सुई भरता भरता विचारलं.

“मला? छे! ठणठणीत आहे.”

“मग जीभ टाळूला का चिकटतेय?”

“सकाळपासून राकिया मिळाली नाही ना!”

विदोसावा हसली नाही. “तोंडावर किरणं तर घेतली नव्हती ना?”

“नाही म्हटलं ना!” झिवोताने बायकोकडे डोळे वटारले.

उघड्या दाराबाहेर बाकावर पेर्सिदा बसली होती. त्यांच्या मुलाची धर्ममाता; या नात्याने दोघी एकमेकींना ‘कुमा’ म्हणायच्या. पण तिच्या कानावर पडलं म्हणजे गावात दवंडीच. स्तोयांकाने तिच्याकडे पाहिलं, मग सुईकडे.

“घेतलीत!” ती ओरडली. “कॅन्सर होता त्याला. जिभेचा कॅन्सर!”

झिवोताने डोळे मिटून घेतले. विदोसावाने सुई खाली ठेवली.

“काका, किरणं घेतलेलं हाड सहजी भरून येत नाही. आज दाढ उपटली असती आणि जखम तशीच राहिली असती, तर जबडा सडायची वेळ आली असती.”

“मग ठणकत बसू?”

“नाही. तुमच्या डॉक्टरांशी बोलते. जमलं तर आतली कीड साफ करून दाढ जागेवरच ठेवू. फ्लोराइडची पेस्ट रोज लावायची, पाणी घोट घोट प्यायचं. आणि राकियाची चूळ बंद.”

“म्हणजे गिळलेली चालेल?”

“तीही नाही!”

स्तोयांका मान खाली घालून बाहेर आली. पेर्सिदाने तिचा हात घट्ट धरला. “कुमा, माझ्या धाकट्या बहिणीच्या घशात ‘ते’ निघालंय गं. पुढच्या महिन्यात किरणं सुरू होतील. बाहेर कुणाला सांगितलं नाही आम्ही.”

स्तोयांकाला वाटलं, आपण तेव्हाच बोललो असतो, तर ही बिचारी एकटी कुढत बसली नसती! ती पेर्सिदाला तशीच आत घेऊन गेली.

“डॉक्टर, हिच्या बहिणीला किरणं द्यायची आहेत. त्याआधी तिचे दात कधी बघाल?”

“उद्याच आणा. जे काढायचे ते आत्ताच काढू, म्हणजे जखमा भरायला वेळ मिळेल. काय झालंय तिला?”

पेर्सिदा जरा घुटमळली. मग म्हणाली, “कॅन्सर.”

मंडळी, आजार लपवला म्हणून टळत नाही; औषध देणाऱ्याच्या डोळ्यांवर तेवढी पट्टी बांधली जाते. तोंडाघशाला किरणं घ्यायची असतील तर आधी दात दाखवा. घेऊन झाली असतील, तर दंतवैद्याने विचारायची वाट बघू नका.