उतरवायचं ठिकाण

"चल, पुढचं स्टेशन आलं की उतर," नवनीत टीसी म्हणाला.

रमीबाईने गाठोडं छातीशी धरलं. "नवापूरला उतरायचं होतं, साहेब. झोप लागली."

लेकीच्या बाळंतपणासाठी तीन रात्री ती सुरतेच्या दवाखान्यात बसून होती. तिकीट नवापूरचं होतं, आणि पुढचं भाडं भरायला जवळ काही उरलं नव्हतं.

समोरच्या बाकावर रिकामा डबा मांडीवर घेऊन हेमकांत बसला होता. खांडबाऱ्याला तिकीट खिडकीवर त्याची सव्वीस वर्षं गेली होती. निवृत्तीला आठ महिने उरले होते. रोज याच गाडीने तो नंदुरबारला घरी जाई. मोठ्या आवाजात बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं.

गाडी मंदावली. बाहेर अंधारात फलाटावर एकच दिवा होता. रमीबाई मुकाट्याने उठली, तसा हेमकांत दारात जाऊन उभा राहिला आणि टीसीला अहिराणीत म्हणाला,

"तिले आठे उतारू नको, नवनीत."

"नाना, तुम्ही मधमा नका पडू. तिकीट नही तिनाजोडे."

"नसू दे. एकली बाई शे, रात पडी गयी. मोठा ठेसनवर, नहीते जिल्हाना गावलेच उतारता येस, तेबी दिवसले. कायदा शे."

"मंग पैसा तुम्हीच भरा."

"भरस. पन आधी कबूल कर. कोनी नही भरात, तरी तुले तिले आठे उतारता येत नही."

पैसे आधीच काढले असते तर तंटा मिटला असता, हे त्यालाही कळत होतं. पण एकोणीस वर्षांपूर्वी खांडबाऱ्यालाच दिवेलागणीला अशीच एक मुलगी उतरवली होती. त्याने पाहिलं, खिडकी बंद केली आणि तो वेळेवर घरी गेला. सकाळी तिची पिशवी रुळांपलीकडच्या ज्वारीत सापडली. ती कुठे गेली, ते कधीच कळलं नाही. कायद्याचं ते कलम त्याने त्यानंतर शोधून वाचलं होतं.

"मी वर लिखी कळावसू," नवनीत म्हणाला.

"कळाव. मन्हं नाव बराबर लिख."

गाडी हलली. दिवा मागे गेला. नवनीतने पावतीपुस्तक काढलं.

"नही उतारता येत," तो हळूच म्हणाला आणि त्याने पावती फाडली. हेमकांतने पैसे दिले.

नंदुरबारला उतरल्यावर हेमकांतने तिच्या गाठोड्यातल्या चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला. तिचा नवरा नारसिंग अजून नवापूरच्या फलाटावरच उभा होता. ती सकाळच्या गाडीने येईल, असं हेमकांतने त्याला सांगितलं. त्याने सोडलेला श्वास ऐकू आला.

हेमकांतने तिला सकाळचं नवापूरचं तिकीट काढून दिलं आणि बायकांच्या प्रतीक्षालयात बसवलं. "आता ही पावती कुणाला दाखवायची गरज नाही," त्याने सांगितलं. तिने मान डोलावली.

तो दारापाशी पोचला तेव्हा झाडूवाली बाई आत येत होती. रमीबाई उभी राहिली आणि तिने दोन्ही हातांनी पावती तिच्यापुढे धरली.

हेमकांत घरी गेला नाही. बाहेरच्या बाकावर बसला.