सुभेदाराचं दुखणं

चष्मेवाल्याच्या घरात माणसं तीन आणि सरडा एक. माणसं म्हणजे तो स्वतः, त्याचा दादा आणि वहिनी. सरडा म्हणजे सुभेदार. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली बारीक काट्यांची झालर. राग आला की तो गळा फुगवायचा आणि ती झालर काळीकुट्ट व्हायची. हीच त्याची दाढी. म्हणून तर या जातीला बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. एका गिऱ्हाइकानं शहर सोडताना तो चष्मेवाल्याच्या गळ्यात घातला होता, आणि आता तो चष्मेवाल्याच्या गळ्यातला ताईत झाला होता. दुकानातून आला की चष्मेवाला बूट काढायच्या आधी काचेच्या पेटीपाशी जायचा. सुभेदार हातावरून सरसर वर चढून खांद्यावर ठाण मांडायचा. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून शिणलेला माणूस तेवढ्यानं सैलावायचा.

वहिनीचं आणि सुभेदाराचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. ती बालवाडीत शिकवायची. सकाळी घाईघाईत केर काढताना ती पेटीसमोरून गेली, की झाडू बघून साहेब दाढी फुगवायचे आणि आ वासायचे.

"आलात का पाटीलकी दाखवायला!" म्हणत तीही झाडू उगारायची.

एकदा त्याच्या खाण्यातला एक रातकिडा निसटला आणि थेट पिठाच्या डब्यात सापडला. तेव्हा तिनं निक्षून सांगितलं, "भाऊजी, एक तर त्या पेटीला धड झाकण बसवा, नाहीतर मी माहेरी जाते." चष्मेवाल्यानं जाड काच कापून आणली, पेटीवर चपखल बसवली आणि सरड्याला उन्हाच्या जागी लागणारा खास दिवा त्या काचेच्या वर टांगला. घरात पुन्हा शांतता नांदू लागली.

पुढे थंडी पडली तसा सुभेदार मंदावला. पाल्याला तोंड लावेना, दगडावर चढेना, कोपऱ्यात डोळे मिटून पडून राहायचा. चष्मेवाल्यानं कुठंतरी वाचलं होतं की थंडीत हे प्राणी लांब झोप काढतात. त्यामुळे तो निर्धास्त होता. खांद्यावर ठेवला की सुभेदार जागचा हलायचासुद्धा नाही. चष्मेवाल्याला वाटायचं, किती लळा लागलाय बघा.

एका सुट्टीच्या सकाळी वहिनी झाडू हातात घेऊनच त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुमचा सरडा आजारी आहे."

"झोपेचा मोसम आहे त्याचा, वहिनी."

"झोप कसली? डोळे टक्क उघडे होते. माझ्याकडे बघितलं, झाडूकडे बघितलं आणि मान खाली घातली. दाढीबिढी काही नाही."

"मग बरंच की. तुमचं जमायला लागलं म्हणायचं."

"थट्टा नको. वर्गातलं सगळ्यात दांडगट पोर एखाद्या दिवशी शहाण्यासारखं बसलं ना, की मी आधी त्याच्या कपाळाला हात लावते. उठा, नीट बघा त्याला."

तो उठला. खिडकीचा पडदा सारून त्यानं सुभेदाराला तळहातावर घेतलं आणि पहिल्यांदाच लाडानं नाही, तर गिऱ्हाइकाचा डोळा तपासावा तसं निरखून पाहिलं. पुढच्या पायाची बोटं बारीक थरथरत होती. मागचा एक पाय फरफटत होता. खालच्या जबड्याला हळूच बोट लावलं, तर तो रबरासारखा दबला. रोज बघत होतो, आणि दिसलं कसं नाही?

"वहिनी, डॉक्टर शोधा," तो म्हणाला आणि त्यानं सुभेदाराला अलगद टॉवेलावर ठेवलं.

वहिनीनं झाडू भिंतीला टेकवला आणि फोन हातात घेतला. "आम्ही कुत्री-मांजरं बघतो," हे उत्तर ऐकून ऐकून ती वैतागली; पण तिनं चिकाटी सोडली नाही. शेवटी एकानं पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. बाई फोनवरच म्हणाल्या, "लगेच आणा. ऊब द्या, पण चटका बसू देऊ नका. दाबून धरू नका, हाडं नाजूक झाली असतील. आणि येताना पेटीचा फोटो काढून आणा."

खोक्यात टॉवेल, टॉवेलाशेजारी फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, वर वहिनीची लोकरी शाल. गाडी दादानं काढली. प्रत्येक खड्ड्याला मागून वहिनीचं "हळू!" ऐकून तो म्हणाला, "वरातीत मलासुद्धा एवढं जपून नेलं नव्हतं कुणी." हसू कुणालाच आलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून उजेडावर धरला. हाडं असायला हवी तिथं धुरकट रेघा होत्या.

"हाडं ठिसूळ झालीत. कॅल्शियम अंगी लागत नाहीये. दिवा कधीचा आहे?"

"नवाच आहे," चष्मेवाला म्हणाला.

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "आणि दिव्याच्या खाली ही काच?"

"झाकणाची," चष्मेवाला म्हणाला.

"कॅल्शियम अंगी लागायला याला ज्या अतिनील किरणांची गरज असते, ती काचेतून जात नाहीत. उजेड पडतो, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे."

वहिनीचा चेहरा उतरला. "काच माझ्यामुळे बसवली," ती पुटपुटली. "मीच हट्ट धरला होता."

"तुम्ही झाकण मागितलंत, वहिनी," चष्मेवाला म्हणाला. "काच मी निवडली. ही काच किरण अडवते असं सांगून मी रोज लोकांना चष्मे विकतो. आणि माझ्याच घरात..."

"ते भांडण घरी जाऊन करा," बाई हसून म्हणाल्या. "आधी हे ऐका. वेळेवर आणलंत. आणखी थोडं थांबला असतात तर झटके सुरू झाले असते, मग मलाही फार काही करता आलं नसतं. कुणाच्या लक्षात आलं?"

दोन्ही भावांनी एकदमच वहिनीकडे बोट दाखवलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा काच निघाली आणि जाळीचं झाकण बसलं. चढायच्या फांद्या काढून टाकल्या, म्हणजे पडून हाड मोडायला नको. कॅल्शियमचं औषध ठरल्या वेळी थेंबाथेंबानं तोंडात घालायचं होतं, आणि खरी परीक्षा तिथंच होती. चष्मेवाल्यानं कितीही गोंजारलं तरी सुभेदार तोंड उघडायचा नाही. ओठांच्या कडेला औषध लावून ठेवायचं, त्यानं ते चाटायची वाट बघायची, आणि निम्मं टॉवेलावर सांडायचं. शेजारी बसून वहिनी पातळ वाटलेला पाला बारक्या चमच्यानं भरवायची. तिच्या तोंडाची टकळी चालूच असायची, बालवाडीतल्यासारखी. "हं, एक घास अजून. शाबास. तोंड पुसू या का?"

असेच दिवस गेले. मग एका सकाळी ती चमचा घेऊन वाकली, तशी सुभेदारानं मान वर केली, गळा फुगवला आणि तिच्याकडे बघून भला मोठा आ वासला. चष्मेवाल्यानं ती संधी साधून औषध आत सोडलं. सुभेदार गिळून चिडला, चिडून आणखी काळा झाला. वहिनी हसता हसता डोळे पुसत होती. त्यानंतर औषध द्यायच्या वेळेला तिचंच बोलावणं यायचं. "वहिनी, या हो, जरा त्याला राग आणा!"

थंडी ओसरली. दुसऱ्या एक्स-रेत हाडं चांगली पांढरीशुभ्र दिसली. जबडा मात्र किंचित वाकडा राहिला. तो तसाच राहणार, पण खाण्यापिण्याला अडणार नाही, असं बाईंनी सांगितलं. चष्मेवाल्यानं हात जोडले, आणि मग कितीतरी वेळ त्याला ते खाली घ्यायचं सुचलं नाही.

परतताना गाडीत तो मागच्या सीटवर वहिनीशेजारी बसला होता. सुभेदार त्याच्या बाहीला नखं रुतवून वर चढत होता.

"वहिनी, थँक यू."

"इश्श! घरच्या माणसाला कसलं थँक यू?"

"नाही, म्हणू द्या. मी लाड करत बसलो आणि तुम्ही बघितलंत. आज हा आहे तो तुमच्यामुळे. हे कधीतरी तोंडानं सांगायला हवं होतं."

ती शालीचं टोक सावरत म्हणाली, "बरं, ऐकलं. बरं वाटलं ऐकून. आता त्याला नीट धरा, पुढं वळण आहे."