वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह

शहरात पाऊस पडत होता, म्हणून तर पाणी नाही यावर कुणाचा विश्वास बसेना. रस्त्यांवर घोटाभर चिखल आणि नळांना पाच दिवस थेंब नाही. धरण डोंगरापलीकडे, तिकडे ढग नुसते येऊन जात होते. व्हॉल्व्हमन हे सांगून सांगून थकला होता.

त्या सकाळी तो टाकीखालच्या खोलीत शिरला आणि वरच्या गल्लीतल्या बायकांनी बाहेरून कुलूप ठोकलं.

"आमचं पाणी सोड, मग कुलूप काढू."

"टाकीत दोन फूट उरलंय. ते दवाखान्याचं आहे. सोडलं तर तिथलं डायलिसिस बंद पडेल."

"बाहेर धो धो कोसळतोय आणि हा दोन फूट सांगतोय."

मग खिडकीच्या गजांशी त्याची थोरली बहीण आली. ती त्याच गल्लीत नांदत होती. "माझ्यासाठी तरी सोड रे. सासूबाई अंथरुणावर आहेत. पागोळ्यांच्या पाण्यावर धुणं भागतं, पण त्यांना प्यायला काय देऊ?"

"ताई, आत येऊन डोळ्यांनी बघ. मग तू म्हणशील तसं करतो."

बोलून गेल्यावर त्याला शब्द मागे घ्यायचा होता. पण तोवर बायकांनी तिला आत सोडलं होतं. भिंतीवरच्या काचेच्या नळीत पाणी दोनच्याही खाली होतं. तिने काचेवर बोट टेकवून आकडा वाचला.

"दवाखान्यात किती जण?"

"आज अकरा."

ती खिडकीशी गेली. "खरं बोलतोय तो. पाणी नाहीये."

"भावाचीच बाजू घेणार ती," कुणीतरी म्हणालं आणि कुलूप पुन्हा लागलं.

खोली चार हात रुंद. मधे व्हॉल्व्हचं चाक, दोन बाजूंना दोघं. पत्र्याच्या दारावर अधूनमधून दगड बसत होते. खिडकीबाहेरून हलायला कुणी तयार नव्हतं.

"मी म्हटलं असतं तर उघडला असतास?"

"हो."

"म्हणून नाही म्हटलं," ती म्हणाली.

दुपारी इंजिनिअर साहेबांनी पोलीस आणून कुलूप तोडलं. कुलूप कुणी लावलं, हे दोघांनीही सांगितलं नाही. धरण भरेना, म्हणून वरच्या गल्लीची पाळी आता आठव्या दिवशी येऊ लागली. टँकर आला की बायका ताईच्या घागरी मागे सारत, तिची पाळी शेवटची. भावापाशी ती याबद्दल अवाक्षर काढत नसे. पण टाकीच्या जिन्यावरून त्याला अख्खी गल्ली दिसायची.