संजीवन कंदाचं लाल पाणी

पार्शे गावच्या काजूबागेत एरवी मार्च महिन्यात बोंडांचा वास आणि चार-दोन कामाची माणसं असतात. त्या रविवारी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. मांद्र्याहून, हरमलहून, थेट डिचोलीहून लोक स्कूटरी घेऊन आले होते आणि सगळ्यांच्या माना बागेतल्या मांगराकडे वळल्या होत्या. काजू साठवायची ती चिऱ्यांची खोपी. तिच्या ओट्यावर कंदबाबा बसले होते.

बाबांच्या पुढ्यात एक तांब्याचं घंगाळ होतं आणि त्यात गोळ्यांची पाकिटं, सिरपच्या बाटल्या, इन्सुलिनची पेनं खच्चून भरली होती. ज्याला बरं व्हायचं असेल त्याने आधी औषध अर्पण करायचं, ही पहिली अट; दुसरी दक्षिणेची. मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. ते घंगाळ पाहून मी गर्दीतून पुढे घुसले, कारण त्यातलं एक पेन माझ्या ओळखीचं होतं.

ते सिद्धीचं होतं. सिद्धी माझी नववीतली विद्यार्थिनी आणि शेजारीण. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. सुई हाच तिचा श्वास. तिची आई चंद्रावती तिला घेऊन आदल्या दिवशी दुपारी इथे आली, पेन घंगाळात टाकलं आणि तेव्हापासून सुई बंद. आज ती दुसऱ्या उताऱ्यासाठी आली होती. सिद्धी खांबाला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, एकसारखी पाणी मागत होती. दोनदा उलटी झाली होती. बाबा म्हणाले, विष निघतंय, निघू द्या.

"चंद्रावती, हिला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं," मी म्हटलं.

"टीचर, दोन वर्सां जाली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चेडवाच्या अंगार सुयो टोचूक जागा उरली नाय. माजोच हात, मीच टोचतंय. कोणतरी बरा करता म्हणता, तर करून बघूक नाका?"

रोज आपल्या हाताने लेकीला टोचणाऱ्या बाईला मी उपदेश कोणत्या तोंडाने करू? पण मला रडूही येत होतं आणि रागही. बाजूला जाऊन मी १०८ ला फोन लावला. गाडी पेडण्याहून निघते म्हणाले. पण आईने गाडीत बसूच दिलं नाही तर?

तोवर बाबांच्या बोलण्याची गाडी सुसाट सुटली होती. "हिमालयात बर्फाखाली बारा वर्षं तप करतो तो हा संजीवन कंद! हृदय बळकट करतो, कातडी तुकतुकीत ठेवतो, केसांना तेज देतो, पोट साफ करतो. आणि साखर? साखर तर मुळासकट उपटतो!" बारा वर्षं तप करून कंदाला एवढी कामं मिळाली, म्हणजे हिमालयातही बेकारी नसावी. पण यादीतला निम्मा भाग मी कुठेतरी ऐकला होता. कुठे, ते आठवेना.

मग त्यांनी लिंबाएवढा, सोललेला, पिवळसर पांढरा गोळा एका म्हाताऱ्याच्या पोटावरून फिरवला, पांढऱ्या बशीत किसला, कलशातलं पाणी शिंपडलं आणि सगळ्यांना डोळे मिटून आरती म्हणायला लावली. आरती संपली, डोळे उघडले. बशीत लालभडक पाणी. "पाहा, रोग बाहेर आला!" गर्दीने हात जोडले.

आमच्याकडे दिष्ट काढताना तुरटी अंगावरून उतरवून निखाऱ्यावर टाकतात आणि फुगलेल्या तुरटीत नजर लावणाऱ्याचं तोंड शोधतात. लहानपणापासून हे पाहिलेल्या माणसाला, अंगातलं दुखणं वस्तूत उतरतं, हे वेगळं पटवावं लागत नाही. बाबांचं अर्धं काम आमच्या घराघरांतून आधीच होऊन बसलं होतं.

मी सिद्धीजवळ बसले. तिने माझी बाही ओढली. आवाज खोल गेला होता.

"टीचर, तो कंद न्हय. ती बी. मामाच्या शॅकात हेची रास पडलेली असता. वयली साल काढली काय अशीच दिसता."

तिचा मामा सर्वेश हरमलच्या किनाऱ्यावर शॅक चालवतो. तिथे परदेशी पाहुण्यांना न्याहारीला आवोकाडो लागतो, पावाच्या भाजलेल्या कापावर मीठ-लिंबू घालून चिरडलेला. गावात तो कोणी खात नाही, म्हणून त्याची बी कोणी पाहिलेली नाही. आणि बाबांची यादी! त्या फळाच्या गुणांचे व्हिडिओ मोबाईलवर ढिगाने फिरतात, तीच यादी बाबांनी बियांना चिकटवली होती.

मी सर्वेशला फोन केला. असतील तेवढ्या बिया घेऊन ये, असशील तसा ये. तो वाट बघण्याचा वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. सिद्धी धापा टाकायला लागली होती. श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, आणि त्या वासाचा अर्थ मला ठाऊक होता: इन्सुलिनवाचून तिच्या रक्तात आम्ल साचत चाललं होतं. बाबा म्हणाले, आता या मुलीची पाळी.

तेवढ्यात सर्वेशची मोटरसायकल बागेत शिरली. हातातली पिशवी त्याने ओट्यावर रिकामी केली. तपकिरी, गुळगुळीत बिया गडगडत गेल्या.

"बाबाचो माणूस रोज येवन नेता," तो धापा टाकत म्हणाला. "साबण करूक व्हयो, म्हणता. आमी फुकट दितंव, नायतर कचऱ्यातच वतूच्यो."

गर्दीत कुजबूज झाली. बाबा हसले. दिसायला सारखी असली म्हणून बी आणि कंद एक होत नाहीत, ते म्हणाले. शक्ती माझ्या मंत्रात आहे.

वर्गात मी एक गोष्ट नेहमी घोकून घेते: अमुक केल्याने तमुक झालं असं कोणी म्हटलं, तर आधी अमुक न करता बघा. ती सिद्धीला आठवली की तिलाच सुचलं, कोण जाणे.

"आये, ती बी तू फास," ती म्हणाली. "माज्या पोटार नाका. ह्या चिऱ्यार फास. मागीर किस."

चंद्रावतीने एक बी उचलली, नखाने साल काढली, मांगराच्या चिऱ्यावर फिरवली आणि किसणीवर घातली. या वेळी कोणी आरती म्हटली नाही. कोणी डोळे मिटले नाहीत. बशीतला पांढरा कीस सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला, मग नारिंगी. चंद्रावतीने बाबांच्याच कलशातलं पाणी त्यावर ओतलं. लाल. ओतताना कलशाच्या तळाशी बसलेला पांढरा चुनाही सर्वांना दिसला.

"जागेचा दोष," बाबा घाईने म्हणाले. "या वास्तूत..."

चंद्रावतीने दुसरी बी सोलली. "मग तुमच्या पोटार फासतंय, बाबा. तुमी तर निरोगी. पांढरीच ऱ्हावतली."

बाबांनी दोन्ही हातांनी उपरणं पोटाशी घट्ट धरलं आणि मागे सरकले. त्या एका हालचालीने सगळं सांगून टाकलं. चंद्रावतीने पुढे होऊन घंगाळात हात घातला, लेकीचं पेन काढलं आणि सिद्धीला कवेत उचललं. रस्त्यावर १०८ चा भोंगा ऐकू आला तेव्हा गर्दीने आपणहून वाट दिली. मग एकेक माणूस घंगाळाकडे गेला, आपापलं औषध शोधायला. बाबांना पोलीस येईपर्यंत सर्वेशने बसवून ठेवलं.

सिद्धी वाचली. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत थांबला असतात तर मी काही सांगू शकलो नसतो.

कापलेलं सफरचंद हवेत काळं पडतं ना, तसाच आवोकाडोच्या बियांचा रस हवा लागली की लाल होतो. चुन्याचं पाणी पडलं की रंग आणखी चढतो. आरती फक्त तेवढा वेळ जावा म्हणून. यात मंत्र नाही, रोग नाही, रक्त नाही. फळाचं म्हणाल तर ते खरंच चांगलं आहे. चांगली चरबी, भरपूर चोथा, साखर अगदी कमी. सिद्धीच्या डॉक्टरांनी तिला ते खायला परवानगी दिली आहे. पण ते अन्न आहे, औषध नाही, आणि त्याची बी तर अन्नही नाही.

चंद्रावती आजही रोज सुई टोचते. परवा मला म्हणाली, "टीचर, हात अजून थरथरता." थरथरू दे. लेकीवर माया आहे म्हणून हात थरथरतो, आणि त्याच मायेचा कोणीतरी धंदा करतो. म्हणून सांगते, उद्या कोणी तुमच्या माणसाचा रोग बशीत काढून दाखवला, तर हात जोडण्याआधी तीच वस्तू एकदा दगडावर फिरवून बघा. आणि तोवर, कोणी काहीही सांगो, चालू औषध बंद करू नका.