अक्रोड-मनुकांचा डबा

टक्.

सकाळच्या चिडीचूप स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजलं आणि सायलाने कॉफीच्या कपावरून मान वर केली. पाच वर्षांची व्हिएनो पायजम्यातच ओट्यापाशी उभी राहून डब्यात डोकावत होती.

"भरलाय गं आई. अक्रोड पण आहेत, मनुका पण. आज तू छान राहणार."

"हो बाई, छान राहणार. आता मोजे घाल."

काही गोडधोड पोटात गेलं की दोन-अडीच तासांनी सायलाच्या रक्तातली साखर धाडकन खाली यायची. हात थरथरायचे, मानेवर घाम फुटायचा, शब्द जिभेवर येता येता हरवायचे. आणि राग यायचा. कुठून यायचा ते तिलाच कळत नसे. डब्यातलं मूठभर खाल्लं की पाव तासात ती पुन्हा माणसात येई. गोड टाळा, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण उपाशीपोटीचा रिपोर्ट नॉर्मल आला होता आणि सासूबाईंना, इर्मेलीला, तेवढंच पुरलं. "रिपोर्टात सापडत नाही ते दुखणं डोक्यात असतं," असं त्या मुलाला फोनवर सांगायच्या. सायलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

बाहेर उणे बावीस होतं. सायलाने नवऱ्याचा जाड कोट अंगात घातला. यार्को लाकडाचा ट्रक घेऊन उत्तरेला गेला होता, शुक्रवारशिवाय येणार नव्हता. व्हिएनोच्या अंगात बर्फातला जाड पोशाख चढवताना, तिचा हरवलेला हातमोजा शोधताना घड्याळ पुढे पळालं. डबा सायलाच्या स्वतःच्या कोटाच्या खिशात गेला होता. तो कोट खुंटीवरच राहिला.

सायला कामाला होती त्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्या दिवशी तेल्लेर्वोचा शेवटचा दिवस होता. एकतीस वर्षं चादरी घड्या करून बाई निवृत्त होत होती आणि तारीख होती पाच फेब्रुवारी. त्या दिवशी अख्खं फिनलंड राष्ट्रकवीच्या जन्मदिनाचे उभट केक खातं, रममध्ये भिजवलेले, वर जॅमचा लाल ठिपका असलेले. तेल्लेर्वोने सगळ्यांसाठी घरी केले होते. दीडच्या कॉफीला ताट फिरत फिरत सायलापुढे येऊन थांबलं.

"घे, का आजही आमच्या हातचं बाधतं तुला?" तेल्लेर्वोने विचारलं.

दोन वर्षं हेच चाललं होतं. ही पाव नको म्हणते, ही केक नको म्हणते, ही कोपऱ्यात बसून अक्रोड कुरतडते. लाँड्रीत तिचं नाव खार पडलं होतं.

"तेल्लेर्वो, तुला सांगितलंय ना, मला गोड..."

"माझा शेवटचा दिवस आहे, सायला. विष नाही घातलेलं. रम मात्र सढळ हाताने घातलीय. तुझी जीभ जरा सैल होईल."

सगळे हसले. सायलाने केक उचलला. एक दिवस तरी चारचौघींसारखं बसावं असं तिला फार वाटलं. केक चांगला होता, फारच चांगला. तेल्लेर्वोने तिच्या पाठीवर थाप मारली, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि दुसरा केक तिच्या बशीत ठेवला. तोही तिने खाल्ला.

चार वाजता ती पाळणाघराच्या दारातून आत आली तेव्हा भिंतीवरच्या खुंट्या एकीच्या दोन दिसत होत्या. वाटेतच तिने कोटाचा खिसा चाचपला होता. खिशात यार्कोची पेट्रोलची पावती होती, बस.

"आई!" व्हिएनो धावत आली. "माझा एक हातमोजा ओला आहे, तो नको, दुसरा..."

"घाल म्हटलं ना!" सायला ओरडली. हातमोजा तिच्या हातून निसटला की तिने फेकला, देव जाणे. पण तो समोरच्या बाकावर जाऊन आपटला. व्हिएनो जागच्या जागी थिजली.

शिक्षिका मिरका ते बघतच आतून आली. शाळेत ती सायलाच्या दोन वर्ग पुढे होती, दोघी एकाच टेकडीवर घसरगुंडी खेळलेल्या. तिने सायलाच्या कपाळावरचा घाम पाहिला, भिंतीला टेकलेला हात पाहिला, आणि जरा जवळ येऊन श्वास घेतला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. आजवर ती कधी तुम्ही म्हणाली नव्हती.

"मला... ते... लाल. प्यायचं लाल..." सायलाला बेरीचा रस म्हणायचं होतं. शब्द सापडत नव्हता.

"तोंडाला रमचा वास येतोय, सायला."

"केक. केक खाल्ला."

"आज सगळेच केकचं नाव सांगतात." मिरकाचा आवाज थंड होता. "या अवस्थेत मूल तुमच्या हातात देता येत नाही मला."

"ती घरी पण अशीच होते," व्हिएनो मदतीला धावली. "मग मी तिला डब्यातलं देते आणि ती बरी होते!"

मिरकाने तिच्याकडे पाहिलं. "डब्यातलं? तू देतेस?"

"हो. रोज सकाळी मी बघते, भरलाय का ते."

मिरका फोन घेऊन ऑफिसात गेली. व्हिएनो मोज्यांच्या पायांनीच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पळाली आणि दोन्ही हातांत पेला धरून परत आली. अर्धा रस फरशीवर सांडला होता. उरलेला सायलाने एका दमात प्यायला. लेक समोर उभी राहून तिच्या हातांकडे टक लावून बघत होती. दूध उतू जाऊ नये म्हणून बघतात तशी.

हळूहळू खुंट्या एकेक झाल्या.

मिरका परत आली तेव्हा सायलाने दोन्ही हात पुढे केले. "बघ. थरथरतायत का? दारू पाव तासात उतरते का, मिरका? माझी साखर उतरते. दोन वर्षं हेच सांगतेय सगळ्यांना."

मिरका त्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग तिने मान वळवली. "असेलही. पण मी पाहिलं ते मला कळवावंच लागतं. बालकल्याण विभागाला फोन केलाय. तुमच्या सासूबाई निघाल्यात. अडचणीत कोणाला बोलवायचं, त्या फॉर्मवर त्यांचंच नाव आहे."

"मग पोलिसांना बोलव! नळीत फुंकते मी. आत्ता, तुझ्यासमोर!"

"व्हिएनोसमोर?" मिरकाने हळूच विचारलं. "तिच्या आईला पोलिसांनी तपासलेलं बघायचंय तिने?"

सायलाने पुढे केलेले हात मागे घेतले.

इर्मेली आल्या त्या बुटांचा बर्फही न झटकता. "आता कशी शहाण्यासारखी बसलीय बघा! मी यार्कोला लग्नाच्या आधीच सांगितलं होतं."

"इर्मेली, मी दोन केक खाल्ले. माझा डबा घरी राहिला. एवढंच झालंय."

"डबा! अगं, अख्ख्या जगाला भूक लागते. अख्खं जग लेकराच्या अंगावर वस्तू फेकतं का?" त्यांनी मिरकाच्या कागदावर सही ठोकली. "सोमवारी ते लोक घरी येतील. तोवर पोरगी माझ्याकडे राहील. तू चालत जा. थंड हवा लागली की डोकं ठिकाणावर येईल."

त्यातला हातमोज्याचा भाग खरा होता.

ती लेकीपुढे गुडघ्यांवर बसली. जाड पोशाखात आधी डावा पाय, मग उजवा. टोपीखाली केसांच्या बटा सरकवल्या. मानेशी चेन लावताना हनुवटीची कातडी अडकू नये म्हणून मध्ये आपलं बोट धरलं. बाकाखालचा ओला हातमोजा उचलून स्वतःच्या खिशात ठेवला आणि आपले लोकरी हातमोजे लेकीच्या हातांवर कोपरापर्यंत चढवले. सबंध वेळ तिचे हात जराही हलले नाहीत. व्हिएनो ते हात निरखत होती.

"झाली बरी," तिने आजीला जाहीर केलं. पण इर्मेली तोवर गाडी सुरू करायला दाराबाहेर गेल्या होत्या, म्हणून तिने मिरकाकडे वळून पुन्हा सांगितलं, "बरी झाली ती."

मिरका वाकून फरशीवरचा रस पुसू लागली.

बाहेरून हॉर्न वाजला. व्हिएनोने त्या लांबलचक हातमोज्यांतून आईचा चेहरा धरला.

"आई, तू तर बरी झालीस ना? मग मी आजीकडे का जायचं?"